सासऱ्यांच्या सहलीचा कौल

सहलीची इतकी कडेकोट तयारी आणि इतकी कमी सहल केलेला माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत माझ्या सासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. इतर लोक सहलीला निघतात तेव्हा आदल्या संध्याकाळी चिवडा करतात, सकाळी एस.टी. चुकवतात आणि तिसऱ्या दिवशी काळेठिक्कर होऊन परत येतात. सासऱ्यांनी जी तयारी केली तेवढ्यात एक अख्खी पलटण हिमालय ओलांडून गेली असती. आमची चार पोरं मात्र दोन उन्हाळे त्यांच्या अंगणाबाहेर पडली नाहीत. ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या चार-सहा वर्षांतली. जमेल तशी सांगतो.

सासरे फौजेत ड्रायव्हर होते. गाव औंधजवळचं. त्या गावात घरटी एक माणूस फौजेत आणि उरलेले सगळे फौजेच्या गोष्टी सांगण्यात. सासऱ्यांनी उभी हयात वरच्या डोंगरांतल्या रस्त्यांवर जवान, धान्य आणि रॉकेल वाहून नेण्यात घालवली, आणि पेन्शन घेऊन परत आले ते एक ट्रंक, एक शिट्टी आणि स्वतःच्या घरातसुद्धा दारात थांबून खाकरण्याची सवय घेऊन. पोरं त्यांना आबा म्हणत, माझी बायकोही आबाच म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो. ते मला मात्र लग्नाला बारा वर्षं झाली तरी 'पावणं' म्हणत. सांगलीच्या विश्रामबागेत सरकारी कचेरीत बसून कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं, आणि त्याला मोटार चालवता येत नाही हे कळल्यावर तर त्यांनी मला कायमचा पाहुण्यांतच घातला.

आबांचं सहलीचं वेड सुरू झालं ते एका लिलावात. कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्याची जुनी ॲम्ब्युलन्स त्यांनी पेन्शनीच्या पैशातून घेतली, बैलगाडीला बांधून गावात आणली आणि अंगणात लिंबाखाली उभी केली. सासूबाईंनी विचारलं, "ह्यात कोण झोपायचं?" आबा म्हणाले, "पोरं." त्यांनी आत दोन्ही बाजूंना फळ्या मारून वर-खाली झोपायची सोय केली, मागच्या दाराला पाण्याची टाकी लावली, स्टोव्हसाठी पत्र्याचा कप्पा केला, खिडक्यांना सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लावले. बाहेरून पिवळा रंग मारला, पण उन्हात त्या रंगाखालून तांबडी फुली हळूहळू वर यायची. त्यामुळे गाडी नुसती चाचणीला बाहेर काढली तरी गावातली माणसं धोतर सावरत धावत यायची आणि विचारायची, "आबा, कोण गेलं?" आबा म्हणायचे, "कोण न्हाई. पोरं जाणार हायती." हे उत्तर ऐकून एकदा एक म्हातारी रस्त्यातच रडायला लागली होती.

बेत असा होता, की मे महिन्यात नातवंडांना घेऊन या चाकावरच्या घरातून निघायचं. माझी दोन आणि फौजेत असलेल्या मेव्हण्याची दोन, अशी चार पोरं. सागरेश्वरची हरणं, चांदोलीचं जंगल, कोयनेच्या पलीकडचं रान, आणि जमलं तर खाली दांडेलीपर्यंत. मी एकदा म्हणालो, एवढ्या उन्हात जंगलात काय बघायचं, जनावरं तर हल्ली केबलवर घरबसल्या दिसतात. आबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पावणं, आख्ख्या हिंदुस्तानाच्या पोरास्नी म्या डोंगर दावलं. माझी पोरं तेवढी ऱ्हायली. त्यांच्या बारीकपणी मी वर, आन् मी खाली आलो तवा ती मोठी. आता हाय ते ह्या चौघांचं हाय."  बायको आत भाकऱ्या थापत होती, तिचा हात तेवढा थांबल्याचं ऐकू आलं.

तयारीची पहिली पायरी म्हणजे रेकी. जिथे जायचं ती सगळी ठिकाणं आबा आधी एकटे एस.टी.नं जाऊन बघून आले. देवळांच्या ओवऱ्यांत झोपले, फॉरेस्टच्या गड्यांबरोबर बिड्या ओढल्या, आणि प्रत्येक ठिकाणचं पाणी बाटलीत भरून घरी आणलं. त्यांना जनावरांची भीती नव्हती. "जनावर माणसाला मारत न्हाई. माणूस मरतो पाण्यानं," हे त्यांचं ठाम मत. मग प्रत्येक पाण्यात सासूबाईंनी तुरीची डाळ शिजवून दाखवायची. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजेल ते पोरांना चालेल, ज्यात टचटचीत राहील त्या मुक्कामावर काट. एका सुट्टीत आम्ही सांगलीहून गेलो तर चुलीवर तीन पातेल्यांत तीन जंगलांची आमटी शिजत होती आणि आबा पळीनं दाणे चेपून बघत होते. कोयनेकडचं पाणी पहिलं आलं. दांडेलीच्या पाण्याची डाळ सासूबाईंनी शेवटी म्हशीला घातली.

दुसरी पायरी म्हणजे तालीम. मे महिना लागला की चारही पोरांची रवानगी अंगणातल्या गाडीत व्हायची. पहाटे शिट्टी. शिट्टीला जो उठणार नाही त्याला पाण्याचा सपकारा. प्रत्येकाला हुद्दा होता. माझा मुलगा स्टोव्हवाला, मेव्हण्याचा थोरला पाणीवाला, धाकटा पहारेकरी, आणि माझी सहा वर्षांची मनू, जिला काहीच येत नव्हतं, ती 'नजर'. नजरेचं काम ड्रायव्हरच्या शेजारी बसून रस्त्यात काय काय आहे ते सांगायचं. गाडी लिंबाखाली उभीच असायची; आबा चाक धरून बसायचे आणि मनू सांगायची, "आबा, कोंबडी. आबा, आजी. आबा, परत तीच कोंबडी." तांब्याभर पाण्यात आंघोळ, परसात खड्डा खणून शिस्तीत जाणं आणि नंतर त्यावर माती लोटणं, अंधारात तंबूची दोरी सोडणं, सगळं शिकवलं जायचं. अंगण ते विहीर असा मोर्चा निघायचा. पोरांना त्या अंगणात मिळालं तेवढं सुख पुढे कुठल्याच सहलीत मिळालं नाही, असं ती अजून म्हणतात.

पण पहिली तालीम संपायच्या आतच एक गोष्ट घडली. गावातल्या एका अडलेल्या बाईला आबांनी गाडीत घालून साताऱ्याला पोचवलं. बाई आणि बाळ दोन्ही वाचली. परत येताना मात्र सपाट रस्त्यावर, भर दुपारी, गाडीची डावी बाजू एका मोरीच्या कठड्याला घासत गेली आणि आरसा तुटला. आबा म्हणाले, कठडा रस्त्यात आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी उंबऱ्यालगत उजवीकडे ठेवलेली कळशी लाथाडली आणि कळशी रस्त्यात आली असंच म्हणाले. तेव्हा मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, पण स्पष्ट बोलणारा. "काचबिंदू आहे. समोरचं दिसतंय तेवढं जपायचं. कडेचं गेलं ते परत येणार नाही, आणि समोरचंही बारीक होत जाणार." आबांनी विचारलं, "गाडी?" डॉक्टर म्हणाला, "गाडी विसरा."

मिरजेच्या स्टँडवर आबांनी भजी मागवली. "डॉक्टर पोरगं हाय. अजून हात बसला न्हाई," असं म्हणाले आणि कोपर लागून शेजारचा चहाचा पेला खाली पाडला. मग म्हणाले, "टेबल वाकडं हाय." घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं, "थेंब दिल्यात. बाकी झ्याक." मी बायकोला खरं काय ते सांगितलं, तिनं आईला सांगितलं. अशा रीतीनं घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते ठाऊक होतं, आणि घरात ते कुणीच बोलत नव्हतं. ज्या माणसानं बर्फातून गाड्या काढल्या त्याला तू आता चाकाला हात लावू नकोस, हे सांगायचं कुणी? आणि नाही सांगितलं तर चार पोरं त्या गाडीत बसून घाट चढणार. निघायचा दिवस जवळ येऊ लागला की सासूबाईंची झोप जायची.

त्या वेळी आमची सगळी भिस्त राहिली देवीवर. आबा कौल लावल्याशिवाय कुठलीही गोष्ट करत नसत. विहीर खणायची, बैल घ्यायचा, पोरगी द्यायची, सगळं गावच्या आईला विचारून. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या स्थळाच्या वेळी म्हणे दुपार कलली तरी दोन्ही कळ्या जागच्या हलल्या नव्हत्या. "तुमच्या टायमाला आई लय इचारात पडली हुती," असं आबा मला चारचौघांत ऐकवायचे.

पहिल्या उन्हाळ्यात गाडी भरली, टाकी भरली, पोरं नवे बूट घालून देवळात उभी राहिली. कळ्या लावल्या. डावी पडली. धाकटा पहारेकरी भोकाड पसरून रडला. आबांनी देवीला हात जोडले आणि म्हणाले, "हुकूम म्हंजी हुकूम. सामान उतरवा." मला वाटलं होतं ते चिडतील, खट्टू होतील. ते संध्याकाळी पोरांना घेऊन पुढच्या वर्षीच्या तयारीला लागले. दुसऱ्या उन्हाळ्यात तसंच झालं. त्या वेळी देवीच्या उजव्या खांद्यावर मला मुंग्यांची रांग दिसली आणि नवल वाटलं, पण देवाच्या अंगावरच्या मुंग्यांची चौकशी जावयानं करू नये म्हणून मी गप्प बसलो. सासूबाईंनी दोन्ही वर्षी देवीला नवं लुगडं नेसवलं. कशाबद्दल, ते आम्हाला कळत होतं. त्यांनी मनात डावा कौल मागितला होता आणि आईनं ऐकलं होतं.

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत आबा अंगणातसुद्धा मान सारखी इकडेतिकडे फिरवत चालायला लागले होते. तरी रेकी झाली, डाळ शिजली, शिट्टी वाजली. निघायच्या दिवशी देवळात गेलो तर नेहमीचा गुरव नव्हता. लेकीचं कार्य म्हणून वाईला गेला होता, आणि त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसला होता. आबा दारातच थबकले. म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. उद्या इचारू." पण पोरं आत शिरली होती, चुलतभावानं कळ्या पाण्यात बुडवल्याही होत्या. त्यानं त्या लावल्या आणि हात काढून घेतो न घेतो तोच उजवी टपकन खाली पडली.

पोरांनी देवळातच उड्या मारल्या. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आबा त्या पडलेल्या कळीकडे बघत होते, किंवा कळी जिथे असेल असं त्यांना वाटत होतं तिथे. हळूच म्हणाले, "परत लाव." चुलतभाऊ म्हणाला, "आवं आबा, आईला दोनदा इचारायचं नसतं. तुमीच सांगता की गावाला."

घरी आलो.  पोरं मागे चढली, मनू पुढे आबांच्या शेजारी बसली आणि मी तिच्या पलीकडे. मला मोटार चालवता येत नाही, मी बसून काय करणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. पण पोरांना पाठवून अंगणात उभं राहणं जमलं नाही. बायको गाडीच्या दाराला धरून चालत होती आणि दार सोडत नव्हती. आबांनी गाडी सुरू केली, अंगणातून काढली, वळणावर घेतली. तेवढ्यात मनू म्हणाली, "आबा, म्हैस." पुन्हा ओरडली, "आबा, म्हैस. डावीकडे." आबांनी ब्रेक दाबला. म्हैस गाडीच्या नाकाला नाक लावून उभी होती.

आबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावर तसेच ठेवून म्हणाले, "पोरांनो, ऐका. तुमच्या आबाला दिसत न्हाई." मग मूठ पोकळ करून डोळ्याला लावली. "एवढंच दिसतंय. कडंचं समदं गेलंय. म्हस हुती म्हून बरं. पोरगं असतं तर."  सासूबाई चालत गाडीपर्यंत आल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता आबा म्हणाले, "आन् दोन साल आईनं न्हाई डावा कौल दिला. म्या पाडला. गुरवाला सांगून उजव्या कळीमागं गूळ लावत हुतो."

 सासूबाई म्हणाल्या, "मंजी माझी दोन लुगडी?"

"तुला कुणी सांगितलं हुतं नेसवायला?"

"मीबी डावाच मागत हुते न्हवं," असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते मला आजही सांगता येणार नाही. दोघं नवरा-बायको एकाच नकारासाठी दोन वर्षं देवीकडे दोन वाटांनी जात होती, आणि रोज समोरासमोर जेवत होती. बायकोनं गाडीच्या दारातून विचारलं, "आबा, आधीच का नाही सांगितलंत?" आबा म्हणाले, "काय सांगू, आक्के? डायवरनं दिसत न्हाई म्हनायचं, मग उरतं काय? तयारी तरी करायला गावत हुती."

 उत्तर मनूनं दिलं. ती म्हणाली, "मग आई चालवेल."

बायकोला गाडी चालवता येत होती. हे लग्नाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर मी कुणाला सांगितलं नव्हतं. ती कॉलेजात असताना आबांनी एका सुट्टीत तिला आधी ट्रॅक्टर आणि मग जीप शिकवली होती, गाव तोंडात बोटं घालून बघत असताना साताऱ्याला नेऊन लायसन काढून दिलं होतं. मग ती सांगलीला आली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसायला लागली. दोन वर्षं उपाय घरातच होता. पण दुसऱ्या कुणी गाडी चालवायची म्हटलं की आबांनी का नाही, हे आलंच, आणि ते वाक्य तोंडातून काढायला कुणी तयार नव्हतं. त्या भीतीपायी पोरांचे दोन उन्हाळे गेले, आणि तेवढ्यात आबांची नजरही गेली.

आबा खाली उतरले, गाडीला हात लावत लावत वळसा घालून आले आणि मला म्हणाले, "पावणं, मागं बसा." बायकोनं चाक धरलं. पुसेसावळीवरून सागरेश्वरपर्यंत आबा प्रत्येक वळणाच्या आधी "हारन" म्हणत होते. रस्ता त्यांना दिसत नव्हता, पाठ होता.

आम्ही सागरेश्वरच्या पुढे गेलोच नाही. आबांना त्या उन्हात जास्त फिरवणं बरं नव्हतं, आणि माझी रजाही संपत होती. चांदोली, कोयना, दांडेली पुढच्या वर्षावर ठेवलं. त्या दिवाळीपर्यंत मुठीएवढंही दिसेनासं झालं आणि आबांनी स्वतःच गाडी भंगारात घालायला सांगितलं. दोन वर्षांनी आबाही गेले. त्यामुळे त्यांच्या सहलीचं जे काही आहे ते त्या एका संध्याकाळचंच आहे.

ऊन उतरल्यावर आम्ही टेकडीवरच्या एका पाणवठ्यापाशी झाडाआड बसलो होतो. आबांनी शिकवल्याप्रमाणे चारही पोरं तोंडातून अक्षर काढत नव्हती. समोरच्या झुडपातून एक सांबर आलं. मोठं, शिंगांचं. पाण्याच्या कडेला येऊन उभं राहिलं. आबांचं तोंड भलतीकडेच होतं. मनू उठली, तिनं दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले आणि मान हळूहळू उजवीकडे फिरवायला लागली. तेवढ्यात धाकट्याच्या बुटाखाली काटकी मोडली. सांबर वळलं आणि दोन उड्यांत झुडपात गेलं. मनू मान फिरवतच राहिली, पाणवठा समोर आल्यावर थांबली. तिथे आता कुणी नव्हतं.

आबा एकटक बघत होते. डोळ्यांना पाणी आलं होतं. कुजबुजले, "हाय का अजून?"

मनूनं आमच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "आहे, आबा. पाणी पितंय. हलू नका."

अंधार पडेपर्यंत आबा हलले नाहीत.